मेन पाडून दाखवा

अंकाच्या संपादक बाईंनी फोनवर बजावलं होतं, "कामाबद्दल लिही, पण पत्रक लिहू नकोस." बाईंचं बरोबर आहे. कॉलेजपासून माझा हात पत्रकांवरच बसलाय. बदलापूर पूर्वेला पाणी येईना तेव्हा पत्रक, रस्ता खोदून ठेवला म्हणून पत्रक, आणि लाईट जाते यावर तर इतकी पत्रकं की झेरॉक्सवाला मला बघितलं की विचारायचा, "ताई, आज पाणी की लाईट?" त्यामुळे लिहायला बसलं की पहिला शब्द 'नागरिकहो' असाच येतो. तो खोडला. राग मात्र खोडणार नाही, त्याच्याशिवाय हे काम होत नाही.

काम सांगते. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये लच्छूशेठचं सोलरचं दुकान आहे. तिथे मी सर्व्हेला आहे. ज्यांना छतावर सोलर बसवायचंय त्यांच्या घरी जायचं, गच्ची मोजायची, सावली कुठून येते बघायची, लाईटबिल बघायचं आणि कुठला इन्व्हर्टर लागेल ते सांगायचं. नोकरी धरली तेव्हा पत्रकं वाटणाऱ्या आमच्या मंडळींनी टोमणे मारले, "झालीस ना शेठची माणूस!" आणि शेठ पहिल्या दिवसापासून मला 'नेताजी' म्हणतो. दोन्हीकडून मार.

लोकांना वाटतं सोलर म्हणजे पॅनल. पॅनलला हार घालतात, नारळ फोडतात, त्याच्यासोबत फोटो काढतात. इन्व्हर्टर बिचारा जिन्याखाली चपलांच्या वर लटकतो. आता पॅनल ऊन खाऊन जी वीज देतं ती बॅटरीसारखी, एकाच दिशेने वाहणारी. तिच्यावर घरातला पंखा, फ्रीज, मिक्सर चालत नाही. मधला डबा ती वीज घराला चालेल अशी करून देतो. तो डबा म्हणजे इन्व्हर्टर. पॅनल वर्षानुवर्षं गप पडून राहतं. डोकं या डब्याला असतं. बिघडतो हाच, आणि गिऱ्हाईक फसतं तेही याच्यातच.

फसतं म्हणजे प्रत्येक वेळी कोणी फसवतंच असं नाही. काही जण आपले आपण फसतात, मोठ्या हौसेने.

बदलापूर पश्चिमेला एक निवृत्त फॅक्टरी ऑफिसर होते. अंबरनाथ एमआयडीसीत आयुष्य काढलेले. दारातच म्हणाले, "मला सगळ्यात मोठा इन्व्हर्टर पाहिजे. समोरच्या कुलकर्ण्यांकडे आहे त्याहून मोठा."

"काका, गच्चीवर पॅनलच थोडी बसतायत. दोघांच्या जेवणाला लग्नाचं पातेलं कशाला?"

"मी प्लांट चालवलाय, पोरी."

"प्लांटवर पाण्याच्या टाकीची सावली पडत होती का?"

त्यांच्या गच्चीवर दक्षिणेला भलीमोठी काळी टाकी. पॅनल एका माळेत जोडलेली असतात. त्यातल्या एकावर सावली पडली की सगळी माळ मंदावते, हाताला हात धरून चालणाऱ्या रांगेत एक जण लंगडला तर होतं तसं. अशा ठिकाणी डबा मोठा घेऊन काही होत नाही. एक तर प्रत्येक पॅनलला वेगळा छोटा इन्व्हर्टर लावा, नाहीतर सावली हटवा. हे मी सांगत होते तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "टाकी हलवा म्हणून मी लग्न झाल्यापासून सांगतेय. आता सोलरवाली सांगते म्हटल्यावर हलेल." हलली. इन्व्हर्टर मध्यम बसला. काका आजही मला रस्त्यात ओळख देत नाहीत.

आणि आमच्या कॅम्पातल्या पापडवाल्या आंटी. तक्रार आली की वीज दुपारी एकदम कमी पडते, इन्व्हर्टर खराब दिला. शेठ घाबरला, मला पिटाळलं. गच्चीवर जाऊन बघते तर पॅनलवर ओळीने पापड वाळत घातलेले. काच स्वच्छ, गरम, आणि कावळ्यांपासून राखण करायला आंटी स्वतः छत्री घेऊन बसलेल्या. छत्रीची सावली पुन्हा पॅनलवरच.

"आंटी, ये क्या है?"

"बेटा, धूप तो मेरे ही घर की है ना? आधी तुम्हारा मशीन खाये, आधी मेरा पापड़."

मी हसले आणि पापड खाऊन आले. याला फसवणूक म्हणत नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. अंबरनाथ पूर्वेला, एमआयडीसीच्या कुंपणापासून जवळ एका चाळवजा गल्लीत इंदूमावशी कांबळे राहतात. स्वतःचं बैठं घर, वर स्लॅब. हॉलमध्ये बाबासाहेब आणि बुद्धाचा फोटो, त्याखाली टीव्ही. मावशींनी केमिकलच्या एका युनिटमध्ये पॅकिंगला वर्षं काढली. पावडरची पोती भरायची, शिवायची. आता छातीने साथ सोडली आहे आणि आतल्या खोलीत त्यांच्या पलंगाशी ऑक्सिजनची मशीन दिवसरात्र घरघरत असते. ही मशीन हवेतून ऑक्सिजन वेगळा काढते आणि नळीने नाकात सोडते. लाईटवर चालते. लाईट गेली की आधी किंचाळते, मग गप होते.

त्यांचा मुलगा राहुल ठाण्याला ऑफिसात आहे. आईच्या मशीनचं बिल फुगत चाललं म्हणून त्याने आमच्याच दुकानातून सोलर घेतलं. मी लागायच्या आधीची गोष्ट. त्याला दिला ऑनग्रिड इन्व्हर्टर. हा डबा वीज कंपनीच्या लाईनला जोडलेला असतो. दिवसा जास्तीची वीज लाईनमध्ये जाते, गरज लागली की लाईनमधून येते, शेवटी हिशेब. बॅटरी नाही. स्वस्त पडतो, सबसिडीत बसतो, बिल जवळजवळ जातं. बऱ्याच घरांना हाच योग्य, मी स्वतः सुचवते.

फक्त एक गोष्ट. लाईन मेली की हा डबापण बंद पडतो. वर कडकडीत ऊन असलं तरी बंद. त्याला तसं बनवलेलंच असतं, कारण लाईन बंद असताना खांबावर वायरमन चढलेला असतो. तुमच्या छतावरची वीज लाईनमध्ये गेली तर तो वर चिकटून मरेल. नियम योग्यच आहे. राग आहे तो वेगळा. हे विकताना कोणी सांगत नाही. गिऱ्हाईकाला डबा चालू करायच्या कार्यक्रमाचा दिवस दिला जातो, डब्यावर हिरवा दिवा लागतो, टाळ्या वाजतात. लाईट असताना हिरवा दिवा दाखवणं म्हणजे उभ्या गाडीचा ब्रेक चांगला आहे म्हणून सांगणं.

आणि आमच्याकडे लाईट जाते कधी? एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी, म्हणून लाईनची मोठी कामं शुक्रवारी. सकाळी जाते, दुपार उलटून येते. म्हणजे नेमकी उन्हात. इथे जन्मलेल्या कोणालाही विचारा, शुक्रवारी गिरणीत दळण टाकत नाहीत, पाण्याची टाकी गुरुवारी भरून ठेवतात.

कांबळ्यांनी काय केलं? सोलर लागलं, हिरवा दिवा लागला, आणि घरात ठरलं की आता लाईट गेली तरी चिंता नाही. बॅटरीचा जुना डबा होता, तो जांभूळ गावच्या मामांना दिला, त्यांच्याकडे लाईट जास्त जाते म्हणून. ऑक्सिजनचा जादा सिलिंडर होता, तो एजन्सीला परत केला, घरात जागा अडते म्हणून. भल्या मनाने, घर आवरल्यासारखं.

त्यानंतर पहिल्यांदा शुक्रवारी लाईनचं मोठं काम निघालं तेव्हा राहुल ऑफिसला होता. आईचा फोन आला, बोलणं नाही, नुसता श्वास. त्याने दुकानात फोन केला. मी एमआयडीसीतच एका वर्कशॉपचं छत मोजत होते. शेठचा फोन, "नेताजी, भाग!" स्कूटर काढली. डोक्यावर ऊन असं की सीट पोळत होती.

गल्लीच्या तोंडाला वीज कंपनीची गाडी. खांबावर पट्टा बांधून एक माणूस वर, एक खाली दोर धरून. ते बघतच आत गेले. मावशी पलंगावर पुढे वाकून, हात गुडघ्यांवर, ओठांची चुंबळ करून श्वास सोडत होत्या. ओठ निळसर. शेजारची सुनिता त्यांची पाठ चोळत होती. अंगणात गल्लीचा इलेक्ट्रिशियन बबलू. मंडपवाल्याचा छोटा पेट्रोल जनरेटर चालू करून त्याची वायर तो भिंतीतल्या प्लगमध्ये घालायच्या बेतात होता.

"काय करतोस?"

"दीदी, टेन्शन नको घेऊस. ये अंदर करंट देतो, सोलरला वाटेल लाईट आली, तो चालू पडेल. पूरा घर चलेगा. फ्रीज, पंखा, सब."

"मेन स्विच पाडलास?"

"पाडतो ना. एक मिनट."

"आधी पाड!" मी ओरडले. "वर माणूस आहे खांबावर!"

मावशींनी मान वर केली. त्यांना एक एक शब्द काढायला कष्ट पडत होते. "बबलू... त्याला मी... सकाळी पाणी दिलंय. ठेव खाली."

बबलूच्या हातातली वायर खाली आली. तो वाईट माणूस नाही. त्याला मावशी वाचवायच्या होत्या आणि जमलं तर गल्लीत नावही काढायचं होतं. मी म्हटलं, "घराला कशाला करंट देतोस? मशीनची पिन काढ आणि सरळ जनरेटरला लाव. बाकी काही नको."

तो जनरेटरकडे वळला. "अरे, हां यार."

जनरेटर अंगणातून गल्लीत ढकलला, धूर आत येऊ नये म्हणून. मंडपाची लांब वायर दाराखालून आत. खिडकी लावून घेतली. मशीन किंचाळली, मग घरघरायला लागली. मावशींनी नळी नाकाला लावली. सुनिता रडायला लागली, मावशींनी तिला हातानेच गप केलं.

मी बाहेर येऊन ओट्यावर बसले. वर अख्ख्या स्लॅबभर चकचकीत पॅनल, त्यावर ऊन नुसतं ओततंय. खाली पेट्रोल जळतंय, फटफट आवाज, धूर. ज्या बाईची छाती पावडरीने गेली तिच्यासाठी धूर. असल्या वेळी मला पत्रक सुचतं. सुचलं.

दुकानात गेले तेव्हा शेठ पापड भाजून घेत होता.

"शेठ, कांबळ्यांना ऑनग्रिड कोणी दिला?"

"उसने क्या मांगा था? बिल झिरो. बिल झिरो हुआ के नहीं?"

"झालं ना. आणि शुक्रवारी ऑक्सिजनपण झिरो."

शेठने पापड खाली ठेवला. मग चिडला. "मेरे को किसी ने बोला, घर में मशीन है? एक आदमी ने बोला?"

"तुम्ही विचारलं?"

विचारलं नव्हतंच. आमच्या धंद्यात छत मोजतात. छताखाली कोण झोपलंय ते विचारायची पद्धतच नाही. किती युनिट जळतात हे बिलावरून कळतं, पण लाईट गेल्यावर काय बंद पडलं तर जीव जाईल, हे बिलावर नसतं. इन्व्हर्टर निवडायचा तर हा पहिला प्रश्न आहे. बाकीचं गणित नंतर.

उत्तर 'काही नाही, थोडं उकडेल' असं असेल तर ऑनग्रिड घ्या आणि सुखाने बिल वाचवा. लाईन पोचतच नाही अशा फार्महाऊसला फक्त बॅटरीवर चालणारा घ्या. आणि घरात आजारी माणूस, मशीन, फ्रीजमध्ये ठेवायचं औषध असं काही असेल तर हायब्रिड. तो लाईनलाही जोडलेला असतो, त्याला बॅटरीही असते. लाईट गेली की तो आधी घराला लाईनपासून तोडतो, मग घर चालवतो. खांबावरचा माणूस सुरक्षित, घरातलाही. महाग आहे. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. हे पण सांगायचं, लपवायचं नाही. आणि एमआयडीसीच्या बाजूला असेल तर पंखा नसलेला, बंद अंगाचा घ्यायचा, कारण तिथली हवा आतली सर्किटं खाते. त्या खोक्यावर छापलेलं असतं की आत धूळ जाणार नाही. मावशींनी आयुष्यभर पावडर भरली, त्यांना कंपनीने तोंडाला बांधायला फडकंसुद्धा दिलं नव्हतं. डब्याची काळजी घेणारे लोक आहेत जगात.

शेठ मुरलेला आहे, पण दगड नाही. ऑनग्रिडचा डबा परत घेऊन दुसऱ्या घरी लावायचा आणि कांबळ्यांना हायब्रिड द्यायचा, असं त्याने स्वतःच ठरवलं. राहुलशी बोलायचं काम मात्र माझ्यावर ढकललं. राहुल फोनवर इतकंच म्हणाला, "मॅडम, तुमच्या दुकानाचं तोंड बघायची इच्छा नाही. पण आईसाठी लावा." मी ऐकून घेतलं. त्याच्या जागी मी असते तर दुकानासमोर बसले असते.

दुकानाचा वायरमन जाऊन डबा लावून आला, बॅटरी लावून आला. हिरवा दिवा लागला. फोटो आला. शेठ म्हणाला, "हो गया काम, नेताजी. अब खुश?"

"शुक्रवारी मी जाणार. मेन पाडून बघणार."

"अरे, चालू है ना! क्यों छेड़ना?"

गेले. या वेळी राहुलने सुट्टी घेतली होती, आणि भाड्याने एक सिलिंडर पलंगाशी आणून ठेवला होता. माझ्यावर विश्वास नव्हता, आणि ते योग्यच होतं. बबलू पण आलेला, मजा बघायला. लाईट अजून गेली नव्हती. मी मीटरजवळ उभी राहिले आणि मेन पाडला.

हॉलमध्ये पंखा फिरत राहिला. फ्रीज गुरगुरत राहिला. टीव्हीवरची सासू सुनेला बोलत राहिली, वाक्य तुटलं नाही. आणि आतून मशीन किंचाळली.

राहुल धावत आत गेला, सिलिंडर उघडला. मावशींनी सिलिंडरची नळी नाकाला लावली, दोन श्वास घेतले, टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खोकत खोकत म्हणाल्या, "बघ गं पोरी. टीव्हीला ऑक्सिजन मिळाला."

हसावं की नाही, कोणाला कळेना. मग बबलू फुटला, मग मावशीच हसल्या. राहुल हसला नाही.

झालं होतं असं. हायब्रिडमधून दोन वायरी निघतात. एक नेहमीची, एक लाईट गेल्यावरही जिवंत राहणारी. त्या दुसऱ्या वायरीवर घरातले सगळे प्लग टाकत नाहीत, नाहीतर बॅटरी लगेच उतरते. निवडक टाकतात. आमच्या वायरमनने नेहमीच्या सवयीने निवडले होते: हॉल, फ्रीज, टीव्ही. शंभर घरांत लोकांना तेच हवं असतं. आतल्या खोलीचा प्लग नेहमीच्या वायरीवर राहिला होता. डबा बरोबर, बॅटरी बरोबर, हिरवा दिवा बरोबर. पलंगाशेजारचा एक प्लग चुकला. मी मेन पाडला नसता तर पुढच्या शटडाऊनला मावशी मेल्या असत्या आणि मालिका चालू राहिली असती.

बबलूला म्हटलं, "नुसता हसू नकोस, स्टुलावर चढ." त्याने आणि मी मिळून आतला प्लग जिवंत वायरीवर घेतला, फ्रीज तिच्यावरून काढला. राहुल शेजारी उभा राहून एकेक जोड बघत होता. मग मेन वर केला आणि मी पुन्हा पाडणार तर मावशी म्हणाल्या, "थांब. मी पाडते."

नळी ओढत, भिंतीला धरून त्या दारापर्यंत आल्या. राहुल "आई, आई" करत मागे. त्यांनी बोट लावलं आणि मेन खाली पाडला. टीव्ही चालू, पंखा चालू. सगळे आतल्या खोलीकडे कान लावून. मशीन एकदा 'टुक' वाजली आणि घरघरत राहिली. मावशींनी मेन वर केला. पुन्हा पाडला. पुन्हा वर केला. तिसऱ्यांदा पाडला तेव्हा राहुल म्हणाला, "आई, बस कर, जळेल काहीतरी." त्या म्हणाल्या, "जळायचं ते आज जळू दे. तू घरी आहेस."

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. आयुष्यातलं सगळ्यात छोटं. 'सोलर बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी सांगा: मेन पाडून दाखवा. मग घरातल्या सगळ्यात नाजूक वस्तूजवळ जाऊन उभे राहा.' शेठने वाचलं आणि म्हणाला, छापतो, पण खाली दुकानाचं नाव पाहिजे. मंडळी म्हणाली, दुकानाचं नाव असेल तर आम्ही वाटणार नाही. शेवटी नाव न टाकता माझ्या खर्चाने छापलं. झेरॉक्सवाल्याने विचारलं, "पाणी की लाईट?" म्हटलं, श्वास. हल्ली शेठ गिऱ्हाईकासमोर स्वतः मेन पाडून दाखवतो आणि सांगतो, "ये मेरा सिस्टम है." असू दे.

मला अजून शांत वाटत नाही. या तीन गावांच्या छतांवर किती हिरवे दिवे लागलेत आणि त्यांच्याखाली कोण झोपलंय, मला माहीत नाही. स्कूटरवरून जाताना मी छतं बघत जाते, समोर बघत नाही, एकदा रिक्षावर धडकले पण.

शुक्रवारी सकाळी मावशींचा फोन येतो. "गेली लाईट. चालू आहे." एवढंच बोलून ठेवतात. मागच्या शुक्रवारी आला नाही. मी एका घरात गच्ची मोजत होते, टेप हातात तशीच. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, नाही. टेप गिऱ्हाईकाच्या हातात देऊन स्कूटर काढली. गल्लीत शिरले, खांबावर कोणी नव्हतं. दार उघडं. मावशी पलंगावर नव्हत्याच. मीटरखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या, नळी नाकाला, हात मेनवर.

"मावशी, फोन का नाही केला?"

"लाईट गेलीच नाही तर काय सांगू? फोन आत पलंगावर राहिला," त्या म्हणाल्या. "आज शटडाऊन नाही म्हणे. म्हटलं, मग आपणच पाडू. थांब, बघ." आणि पाडला.

आतून घरघर येत होती. आम्ही दोघी थोडा वेळ तशाच ऐकत बसलो.